नळाच्या तारणावर कर्ज

१९९८ सालची गोष्ट. अहमदाबाद महानगरपालिकेला शहरासाठी पाणी आणायचे होते. त्यासाठी तिने शंभर कोटी रुपयांचे रोखे काढले. राज्य सरकारचा जामीन न घेता महापालिकेने असे कर्ज उभारण्याची आपल्या देशातली ती पहिलीच वेळ. तेव्हा तिचे कौतुक झाले ते योग्यच झाले. पण तारण काय दिले होते? शहराच्या दहा नाक्यांवर जमा होणारी जकात! पैसा घ्यायचा पाण्यासाठी आणि फेडायचा ट्रकवाल्यांच्या पावत्यांतून! नुसत्या पाणीपट्टीच्या भरवशावर शंभर कोटी देणारा सावकार मिळणे कठीण, हे त्या व्यवहारी मंडळींनी ओळखले असावे.

अमेरिकेतल्या शहरांत मात्र पाण्याचे कर्ज पाणीच फेडते आणि विजेचे वीज. अशा रोख्यांना तिकडे ‘रेव्हेन्यू बाँड’ म्हणतात. आपण उत्पन्न-रोखे म्हणू.

समजा, एका गृहस्थाला चाळ बांधायची आहे. तो सावकाराला सांगतो, “माझे राहते घर, बायकोचे दागिने, माझा पगार यांतले काही गहाण मिळणार नाही. चाळीचे जे भाडे येईल, त्यातून तुमचे व्याज आणि मुद्दल.” चाळ भरली तर सावकाराचे भले. ओस पडली तर त्याने कपाळावर हात मारून घ्यायचा; राहत्या घरावर टाच आणता यायची नाही. उत्पन्न-रोखे म्हणजे हाच सौदा. गृहस्थाच्या जागी नगरपालिका, चाळीच्या जागी पाण्याचा कारखाना, आणि ‘राहते घर’ म्हणजे घरपट्टी. तिला हात लावायचा नाही.

ही युक्ती रुजली ती वॉशिंग्टन राज्यात. वाचकांनी घोटाळा करू नये; हे अध्यक्षांचे वॉशिंग्टन नव्हे, तर पॅसिफिक किनाऱ्यावरचे राज्य. तेथील स्पोकेन शहराचा मध्यभाग १८८९ च्या ऑगस्टमध्ये जळून खाक झाला. बंब होते, माणसे होती. नळांना दाब नव्हता. शहराला नवे जलयंत्र हवे होते, पण राज्यघटनेने नगरपालिकांच्या कर्जाला मर्यादा घातलेली. मग शहराने ठरवले की, या कामाचे पैसे फक्त पाण्याच्या उत्पन्नाच्या वेगळ्या निधीतून द्यायचे. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १८९५ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, जे करांतून फेडायचेच नाही, ते घटनेच्या अर्थाने शहराचे ऋण नव्हे! कर्ज आहे आणि नाहीही. आमच्या जुन्या नैयायिकांनाही हा युक्तिवाद आवडला असता.

सावकार मात्र इतका भोळा नसतो. तो करारात कलमे घालून घेतो. नळाचे बिल जमा झाले की आधी पंप चालवण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च, मग व्याज व मुद्दल, मग अडीअडचणीसाठी राखीव गंगाजळी; उरले तर बाकीच्या कामांना. शिवाय शहराने लेखी वचन द्यायचे की, खर्च वजा जाता हप्त्याच्या, उदाहरणार्थ, सव्वापट रक्कम उरेल इतका दर आम्ही ठेवूच. निवडणूक आली म्हणून पाणीपट्टी गोठवायची सोय नाही. आपल्या नगरसेवकांना हे कलम वाचून दाखवले तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी!

आता याच राज्यातली दुसरी कथा. १९५७ साली तेथील सार्वजनिक वीजसंस्थांनी एक सामाईक मंडळ काढले. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा उच्चार लोक पुढे ‘व्हूप्स’ असा करू लागले. हातातून कपबशी निसटली की अमेरिकन माणसाच्या तोंडून जे निघते, ते हे ‘व्हूप्स’, आपल्याकडे ‘अगंबाई!’ म्हणतील. विजेची मागणी दर दहा वर्षांनी दुप्पट होणार, हा त्या काळचा हिशेब. म्हणून या मंडळाने एकदम पाच अणुवीज केंद्रे हाती घेतली. चौथ्या-पाचव्या केंद्रांसाठी सव्वादोन अब्ज डॉलरचे रोखे खपवले. अठ्ठ्याऐंशी वीजसंस्थांनी लिहून दिले होते की, वीज निघो अथवा न निघो, आम्ही आमचा वाटा भरू. यापेक्षा पक्के तारण ते कोणते?

पण खर्च फुगत गेला, बांधकाम रखडले, विजेचे दर चढले आणि दर चढताच लोक दिवे मालवू लागले. मागणीचा हिशेब तेथेच कोसळला. जानेवारी १९८२ मध्ये ही दोन्ही केंद्रे अर्धवट सोडून देण्यात आली. हप्ते भरायची वेळ आली तेव्हा ग्राहक चिडले: जी वीज आम्हांला मिळणारच नाही, तिचे बिल कशाचे? जून १९८३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, न मिळणाऱ्या विजेसाठी असा करार करण्याचा अधिकार या संस्थांना नव्हताच. करार रद्द! पुढच्याच महिन्यात मंडळाचे दिवाळे निघाले. अमेरिकेच्या नागरी कर्जांच्या इतिहासात तोवर एवढे मोठे दिवाळे वाजले नव्हते.

अठ्ठ्याऐंशी वर्षांपूर्वी ज्या न्यायालयाने या रोख्यांची वाट मोकळी केली, त्याच न्यायालयाने हा घाव घातला. कायद्याच्या कसोटीवर निकाल बरोबर असेलही. ग्राहकांची बाजूही खोटी नव्हती. पण रोखे घेणारे सगळेच काही बँकांचे धनी नव्हते. निवृत्त शिक्षक, विधवा बायका अशा लोकांनी म्हातारपणाची पुंजी त्यांत घातली होती. ‘सरकारी’ कागद, शिवाय व्याजावर केंद्राचा प्राप्तिकर नाही, म्हणून त्यांनी विश्वासाने घेतला होता. खटले वर्षानुवर्षे चालले आणि शेवटी तडजोडीत मुद्दलाचा थोडाच भाग हाती आला.

पहिल्या तीन केंद्रांच्या रोख्यांमागे मात्र केंद्र सरकारच्या बॉनव्हिल वीजसंस्थेचा हात होता. त्यांतली पहिली आणि तिसरी केंद्रेही पुरी झाली नाहीत, तरी त्यांचे हप्ते ग्राहकांच्या बिलांतून चुकते होत राहिले. दुसरे केंद्र तेवढे १९८४ मध्ये चालू झाले. तिसरे आणि पाचवे जेथे व्हायचे होते, त्या सॅट्सप गावाजवळ वाफ थंड करण्यासाठी बांधलेले दोन प्रचंड मनोरे अजून उभे आहेत. त्यांतून कधी वाफेचा एक लोटही निघाला नाही.