पंधरा लाखांचे खरे मोल : जोयड्यातील ठेवी आणि महागाईचे गणित

गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या जोयडा तालुक्याने विस्थापन दोनदा पाहिले. काळी नदीवरील सुपा धरणाचे काम १९८७ साली पूर्ण झाले आणि तालुक्याचे जुने मुख्य गाव सुपा पाण्याखाली गेले. अनेक कुटुंबे रामनगरात वसली. पुढे अणशी-दांडेलीचे जंगल व्याघ्र प्रकल्प ठरले. आज तो काळी व्याघ्र प्रकल्प म्हणून ओळखला जातो. त्याच्या गाभ्यातील वाड्यांवरून स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्या कुटुंबांसाठी रोख मदतीची योजना आहे. दोन्ही वेळी जमिनीच्या बदल्यात हाती पैसा आला. जमीन दरवर्षी पिकते. पैशाची किंमत मात्र दरवर्षी घटते. ती किती घटते, हे संगणकावर किंवा मोबाईलवर क्षणात दाखवणारी गणकयंत्रे आता उपलब्ध आहेत. त्यांचे उत्तर वाचण्यापूर्वी त्यांनी कोणते आकडे गृहीत धरले आहेत, हे पाहणे आवश्यक असते.

दहाचे पंधरा झाले, तरी घटच

व्याघ्र प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या कुटुंबासाठी केंद्राने २००८ साली १० लाख रुपयांची रक्कम ठरवली. २०२१ साली ती १५ लाख करण्यात आली. वरवर पाहता ही दीडपट वाढ आहे. प्राप्तिकर विभागाच्या खर्च महागाई निर्देशांकाची कसोटी लावली, तर चित्र पालटते. हा निर्देशांक २००८-०९ साली १३७ होता आणि २०२१-२२ साली ३१७. म्हणजे २००८-०९ मधील १० लाखांची बरोबरी करण्यासाठी २०२१-२२ मध्ये सुमारे २३ लाख रुपये लागले असते. २०२५-२६ साठी हा निर्देशांक ३७६ आहे. त्यानुसार २०२१-२२ मधील १५ लाखांचे मोल टिकवण्यास आज सुमारे १७ लाख ८० हजार रुपये हवेत.

सुपाच्या काळापर्यंत मागे गेल्यास फरक अधिकच ठळक होतो. १९८५-८६ साली मिळालेल्या १० हजार रुपयांची बरोबरी आज सुमारे १ लाख २० हजार रुपयांशी होते. हा निर्देशांक मुळात भांडवली नफ्यावरील कर ठरवण्यासाठी आहे आणि कायद्यानुसार त्यात शहरी किरकोळ महागाईच्या सरासरी वाढीचा पाऊण भागच विचारात घेतला जातो. त्यामुळे घरखर्चातील प्रत्यक्ष वाढ याहून जास्त असण्याचीच शक्यता अधिक.

महागाईशी जोडलेली ठेव कशी चालते

महागाईपासून बचतीचे रक्षण करणारी योजना भारतात येऊन गेली आहे. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३ मध्ये सामान्य ठेवीदारांसाठी महागाई-निर्देशांकित राष्ट्रीय बचत रोखे आणले. मुदत दहा वर्षे, किमान गुंतवणूक ५ हजार रुपये. व्याजाचे दोन भाग होते : दीड टक्क्याचा ठरावीक दर आणि त्यावर किरकोळ किमतींच्या निर्देशांकानुसार झालेली महागाई. व्याज दर सहामाहीस मुद्दलात मिळवले जाई आणि सारी रक्कम मुदतीअखेर मिळे. महागाई शून्याखाली गेली, तरी दीड टक्का निश्चित होता. विक्री मार्च २०१४ अखेर थांबली आणि त्यानंतर ही योजना पुन्हा विक्रीस आली नाही.

अशा ठेवीचे मोल तपासताना हिशेब असा होतो. महागाई सरासरी ५ टक्के धरली, तर १ लाखाचे दहा वर्षांत सुमारे १ लाख ८९ हजार ६०० रुपये होतात. याच काळात किमती वाढून १ लाखाची जुनी खरेदी करण्यास सुमारे १ लाख ६४ हजार रुपये लागतील. म्हणजे खरी वाढ जेमतेम १६ टक्के. व्याजावर उपकरासह २०.८ टक्के कर भरावा लागला, तर ही खरी वाढ ४ टक्क्यांच्या आसपास उरते. महागाईची भरपाई म्हणून मिळालेल्या रकमेवरही कर लागतो, ही बाब बहुतेक गणकयंत्रे लक्षात घेत नाहीत.

साध्या मुदत ठेवीचे काय?

बँकांची गणकयंत्रे मुदतीअखेरची रक्कम दाखवतात. ७ टक्के दराने, तिमाही चक्रवाढीने, १ लाखाचे दहा वर्षांत २ लाख होतात. आकडा सुखावणारा आहे. ५ टक्के महागाई वजा केली, तर त्या २ लाखांची खरेदीशक्ती आजच्या सुमारे १ लाख २३ हजारांएवढी असते.

व्याज दरमहा काढून घरखर्च चालवणाऱ्याची स्थिती याहून बिकट. १० लाखांवर ७ टक्क्यांनी महिन्याला सुमारे ५,८३० रुपये मिळतात. दहा वर्षांनंतरही, दर तोच राहिला तर, तेवढेच मिळतात. पण त्यांत आजच्या ३,५८० रुपयांचीच खरेदी होते. मुद्दलाचेही मोल ६ लाख १४ हजारांवर आलेले असते.

तपासताना पाहण्याच्या गोष्टी

पहिली गोष्ट महागाईच्या दराची. अनेक गणकयंत्रे प्रत्यक्ष निर्देशांक न वापरता एखादा दर गृहीत धरतात. १५ लाखांचे वीस वर्षांनंतरचे मोल ४ टक्क्यांनी ६ लाख ८५ हजार येते, ६ टक्क्यांनी ४ लाख ६८ हजार. दोन टक्क्यांच्या फरकाने सव्वादोन लाखांची तफावत पडते. रिझर्व्ह बँकेचे उद्दिष्ट ४ टक्के, त्यात दोन टक्के वरखाली, हे ध्यानात ठेवून दोन्ही दरांनी हिशेब करून पाहणे श्रेयस्कर.

दुसरी गोष्ट निर्देशांकाची. २०१२ हे पायावर्ष असलेल्या किरकोळ निर्देशांकात खाद्यपदार्थांचा वाटा ग्रामीण भागासाठी सुमारे ५४ टक्के, तर शहरी भागासाठी सुमारे ३६ टक्के होता. धान्य-भाजी महागली की खेड्यातील घराला झळ अधिक बसते. जोयड्यात आणखी एक पदर आहे. स्वतःच्या शेतातील भात, परसातील कंदमुळे आणि रानातील सरपण यांवर जगणाऱ्या कुणबी कुटुंबाला स्थलांतरानंतर हे सारे विकत घ्यावे लागते. पूर्वी पैशात न मोजलेला हा खर्च कोणत्याच निर्देशांकात दिसत नाही. म्हणून अशा कुटुंबाची पहिल्या काही वर्षांतील खरी महागाई गणकयंत्राच्या उत्तराहून जास्त ठरते.

तिसरी गोष्ट पायावर्षाची. २०१५ च्या आरंभी निर्देशांकाचे पायावर्ष २०१० वरून २०१२ करण्यात आले. जुन्या व नव्या मालिकेतील आकडे जोडगुणकाविना एकमेकांना भागले, तर उत्तर चुकते.

मोबाईलला रेंज नसलेल्या वाडीवर कागदही पुरतो. ७२ ला महागाईच्या दराने भागले की किमती दुप्पट होण्यास लागणारी वर्षे साधारणपणे कळतात. ६ टक्क्यांनी १२ वर्षे, ४ टक्क्यांनी १८. आज मिळालेले १५ लाख तितक्या वर्षांनी साडेसात लाखांचे काम करतील. घर, जमीन आणि ठेव यांत रक्कम कशी विभागायची, हे ठरवण्यापूर्वी एवढा भागाकार प्रत्येक कुटुंबाने करून पाहावा.