शोधनिबंध वर्गापुढे मांडताना

सैद्धांतिक संगणकशास्त्रातील शोधनिबंध वर्गापुढे मांडायचा म्हटला की बहुतेक विद्यार्थी पहिल्या पानापासून प्रमेये उतरवू लागतात. वीस मिनिटांनंतर फळा भरलेला असतो आणि श्रोते मात्र केव्हाच मागे राहिलेले असतात.

आयआयटी कानपूरचे मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी ऑगस्ट २००२ मध्ये जाहीर केलेल्या निबंधाचे उदाहरण घेऊ. दिलेली संख्या मूळ आहे की नाही, हे खात्रीने आणि वेगाने ठरविण्याची रीत त्यात आहे. यातील ‘वेगाने’ हा शब्द प्रथम उलगडायला हवा. येथे वेळ मोजला जातो तो संख्येतील अंकांच्या हिशेबाने. शंभर अंकी संख्येला वर्गमूळापर्यंतच्या प्रत्येक संख्येने भागून पाहायचे, तर भागाकारांची संख्याच पन्नास अंकी होईल! ही अडचण कळली नाही, तर पुढचे सारे श्रोत्यांना निरर्थक वाटेल.

त्यानंतर फळ्यावर एक छोटे गणित करावे. (क्ष + १) चा पाचवा घात विस्तारला की सहगुणक येतात १, ५, १०, १०, ५, १. टोकाचे एक वगळता सर्वांना ५ ने भाग जातो. चौथ्या घाताचे सहगुणक १, ४, ६, ४, १. येथे ६ ला ४ ने भाग जात नाही. मूळ आणि संयुक्त संख्यांमधील हा भेद सर्वत्र टिकतो. पण मोठ्या संख्येसाठी इतके सहगुणक तपासणार कोण? म्हणून ‘क्षचा एखादा लहान घात उणे १’ या बहुपदीने भागून केवळ बाकी पाहायची, आणि १ च्या जागी मोजक्याच संख्या घ्यायच्या. काही प्राथमिक तपासण्यांनंतर एवढे पुरते, हे सिद्ध करणे हाच निबंधाचा गाभा. निम्मा वेळ त्यालाच द्यावा. योग्य लहान घात सापडतोच, याची आकडेमोड नुसती सांगितली तरी चालते.

प्रश्नोत्तरांत ‘यामुळे आरएसए ही सांकेतिक पद्धत फुटते का?’ हे हमखास विचारले जाते. तसे होत नाही. संख्या संयुक्त आहे एवढेच ही रीत सांगते, तिचे अवयव सांगत नाही. प्रत्यक्ष वापरात तर मिलर-राबिन ही चुकीची अत्यल्प शक्यता असलेली, पण अधिक वेगवान चाचणीच चालते.

निबंधाची कोणती आवृत्ती वाचली, हेही पहिल्याच स्लाइडवर सांगावे. २००२ च्या मसुद्यात लागणारा वेळ अंकसंख्येच्या सुमारे बाराव्या घाताइतका होता. २००४ मध्ये ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये छापताना तो घात १०.५ वर आला.