विश्लेषण : ई-माउंटन बाइकच्या मोटर-बॅटरीला दगडांचा धोका किती? संरक्षण कसे करायचे?

डोंगरातल्या वाटेवर साधी सायकल दगडाला घासली तर रंग उडतो, फार तर फ्रेमला पोचा पडतो. ई-माउंटन बाइकमध्ये नेमक्या त्याच जागी मोटर आणि बॅटरी असते. सायकलचे सर्वांत महागडे हे दोन भाग जमिनीच्या सर्वांत जवळ असतात. त्यामुळे एका चुकीच्या दगडाने मोठा खर्च उभा राहू शकतो. बॅटरीच्या बाबतीत प्रश्न खर्चापुरताही राहत नाही, तो आगीपर्यंत जातो.

मोटर आणि बॅटरी इतक्या खाली का बसवतात?

बहुतेक ई-माउंटन बाइकमध्ये मोटर दोन्ही पेडलांच्या मध्ये, क्रँकच्या जागी असते. तिथून ती थेट साखळीला जोर देते. त्यामुळे चढावर गिअरचा पूर्ण उपयोग होतो आणि वजन मध्यभागी, खाली राहिल्याने तोलही सांभाळता येतो. बॅटरी हँडलकडून पेडलांकडे तिरकी येणाऱ्या जाड नळीत, म्हणजे डाउन ट्यूबमध्ये बसवतात. रचना चांगली आहे, पण या नळीची खालची बाजू पुढच्या चाकाच्या अगदी मागे येते आणि मोटरचे पोट जमिनीकडे तोंड करून राहते. अलीकडच्या अनेक फ्रेममध्ये मोटर थोडी वर फिरवून बसवतात, ती याच कारणासाठी.

जमिनीपासून प्रत्यक्षात अंतर किती राहते?

उभ्या सायकलमध्ये पेडलांचा आस जमिनीपासून साधारण ३४ ते ३५ सेंटीमीटरवर असतो. शॉकची हालचाल १५ सेंटीमीटर असेल, तर स्वार नुसता बसल्यावर ती सुमारे ३० टक्के दबते. म्हणजे आस चार-साडेचार सेंटीमीटर खाली येतो आणि ३० सेंटीमीटरच्या आसपास राहतो. मोठ्या उडीनंतर शॉक पूर्ण दबला, तर हे अंतर २० सेंटीमीटरवर येऊ शकते. मोटरचे पोट आणि दातेरी चेनरिंग त्याहूनही खाली असतात. दुकानात पाहिलेली उंची वाटेवर मिळत नाही, ती अशी.

दगड नेमका कसा लागतो?

तीन प्रकारे. पहिला, पुढच्या चाकाने उडवलेली खडी. हे मार छोटे असले तरी सतत बसतात आणि त्यांचा बहुतेक भार डाउन ट्यूबच्या खालच्या बाजूवर येतो. दुसरा, पायरीसारखा दगड किंवा कातळाची कड ओलांडताना सायकलचे पोट त्यावर आदळणे. पुढचे चाक पार होते, मागचे अजून खालीच असते आणि मधला भाग दगडावर टेकतो. यात सायकल आणि स्वाराचे वजन एका बिंदूवर येते. तिसरा, सायकल आडवी पडून बाजूने दगडावर आपटणे.

ई-बाइकमध्ये हे जास्त गंभीर ठरते, कारण वजन. साधी माउंटन बाइक १३ ते १५ किलोंची, तर ई-माउंटन बाइक बहुधा २० ते २५ किलोंची असते. युरोपातील नियमानुसार ताशी २५ किलोमीटरच्या पुढे मोटरची मदत थांबते. त्यामुळे वेगवान उतारावर मोटरचा उपयोग नसतो, वजन मात्र सोबत असते. वेग दुप्पट झाला की आदळण्याची ऊर्जा चौपट होते.

मोटरचे काय बिघडते?

मोटरचे कवच वजन वाचवण्यासाठी ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते. ओरखड्यांनी त्याचे फारसे बिघडत नाही. जोरदार मार बसला तर मात्र कवचाला तडा जाऊ शकतो. तडा केसाएवढा असला तरी तिथून पाणी आणि धूळ आत शिरते, मग बेअरिंग आणि सर्किट खराब होते. फ्रेमला मोटर जोडणारे बोल्ट सैल होणे किंवा वाकणे हाही एक प्रकार आहे. अशा वेळी सायकल चालते, पण पेडल मारताना कट्कट् आवाज येतो. बाहेर आलेल्या वायरी आणि त्यांचे जोडही दगडात सापडतात.

बॅटरीचा धोका वेगळा का?

बॅटरीत लिथियम-आयन प्रकारचे डझनावारी लहान सेल असतात. प्रत्येक सेलमध्ये धन आणि ऋण थरांच्या मध्ये अतिशय पातळ पडदा असतो. सेल चेपला आणि पडदा फाटला, तर आतल्या आत शॉर्ट सर्किट होते. उष्णता वाढते, त्या उष्णतेने रासायनिक क्रिया आणखी वेगाने होते आणि एका सेलची आग शेजारच्या सेलपर्यंत पोहोचते. हे दर वेळी लगेच घडते असे नाही. काही तासांनी किंवा चार्जिंगला लावल्यावरही ते घडू शकते. म्हणून ‘सायकल चालू झाली, म्हणजे बॅटरी ठीक आहे’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो.

फ्रेमच्या रचनेनेही फरक पडतो. काही सायकलींत डाउन ट्यूब सलग बंद असते आणि बॅटरी टोकाकडून सरकवून काढता येते. काहींत नळीची खालची बाजू म्हणजे बॅटरीचे झाकणच असते. दुसऱ्या प्रकारात दगडाचा मार थेट झाकणावर येतो. विकत घेताना हे जरूर पाहावे.

स्किड प्लेट काय करते?

मोटरच्या पोटाखाली लावलेली जाड प्लास्टिकची किंवा धातूची ढाल म्हणजे स्किड प्लेट. ती दोन कामे करते. दगडाला अडण्याऐवजी घसरून जाऊ देते आणि मार एका बिंदूवर न ठेवता पसरवते. प्लास्टिकची प्लेट वाकते, घासते, कधी तुटते. तिने तुटणे हेच तिचे काम आहे, कारण ती बदलणे मोटर बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. धातूची प्लेट मजबूत खरी, पण ती थेट मोटरच्या बोल्टवर बसवलेली असेल तर धक्का मोटरकडेच जातो. फ्रेमवर बसणारी आणि मोटरपासून थोडी पोकळी ठेवणारी प्लेट अधिक उपयोगी.

या पोकळीत चिखल आणि खडे साचतात. तिथे अडकलेला खडा पुढच्या धक्क्याला मोटरच्या कवचात रुतू शकतो. शिवाय मोटरची उष्णता कवचातूनच बाहेर पडते, चिखलाच्या थराने ती अडते. पावसाळ्यात तर दर फेरीनंतर प्लेटमागचा भाग साफ करावा. मात्र जोरदार फवाऱ्याचे पाणी मोटर आणि बॅटरीच्या जोडांवर मारू नये.

घरगुती उपाय चालतात का?

उडणाऱ्या खडीसाठी चालतात. डाउन ट्यूबच्या खाली जाड रबरी पट्टी किंवा संरक्षक फिल्म लावली आणि पुढे रुंद मडगार्ड बसवले, तर छोटे मार बरेच कमी होतात. जुन्या टायरचा तुकडा प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधणे हा स्वस्त उपायही काम देतो. मात्र मोटरभोवती फोम किंवा रबर गुंडाळू नये, उष्णता कोंडते. फ्रेमला किंवा बॅटरीच्या झाकणाला नवे भोक पाडणे तर पूर्णपणे टाळावे. त्याने पाणी आत जाते आणि वॉरंटीही अडचणीत येते. दगडाच्या माराने झालेले नुकसान वॉरंटीत साधारणपणे धरले जात नाही, हेही लक्षात ठेवावे.

मोटर मागच्या चाकात असेल तर?

भारतात मिळणाऱ्या कमी किमतीच्या अनेक ई-सायकलींत मोटर मागच्या चाकाच्या मध्यभागी असते. ती जमिनीपासून बरीच उंच असल्याने पोट घासण्याचा धोका नसतो. तिथे नाजूक जागा म्हणजे आसातून बाहेर येणारी वायर. सायकल आडवी पडली की ती दगडावर चेपते. वायर फ्रेमला नीट बांधणे आणि तिच्यावर कवच बसवणे, एवढे पुरेसे ठरते. बॅटरीबाबतची काळजी मात्र तीच. सह्याद्रीच्या वाटांवर बसाल्टचे धारदार धोंडे पावसाळ्यात गवताआड आणि पाण्याखाली लपतात, तेव्हा ती दुप्पट घ्यावी लागते.

स्वाराच्या हातात काय आहे?

पुष्कळ काही. खडकाळ भागात दोन्ही पेडल समपातळीत ठेवावे. चढावर पूर्ण फेरी न मारता अर्ध्या-अर्ध्या फेऱ्या माराव्यात, म्हणजे क्रँक दगडाला लागत नाही. शॉकमधली हवा स्वाराच्या वजनाप्रमाणे भरावी. कमी हवा म्हणजे कमी अंतर. मोठी पायरी दिसली तर उतरून ‘वॉक मोड’ने सायकल वर न्यावी.

जोरदार आदळल्यावर काय करावे?

थांबावे आणि सायकल बंद करावी. बॅटरी निघत असेल तर काढून पोचा, तडा, फुगवटा, गळती, विचित्र वास किंवा वाढती उष्णता आहे का, हे पाहावे. यातले काहीही आढळले तर ती परत बसवू नये, चार्ज करू नये आणि उघडूही नये. उघड्यावर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवून सेवा केंद्राला कळवावे. अशी बॅटरी नेहमीच्या कुरिअरने पाठवू नये. धूर किंवा फुसफुस आवाज आला तर लांब जाऊन अग्निशमन दलाला बोलवावे.

बाहेरून काहीच दिसले नाही, तरी घरी आल्यावर स्किड प्लेट काढून आतले कवच आणि बोल्ट तपासावेत. प्लेट मार झेलते तशी जखम झाकतेही. ढाल लावली म्हणून निर्धास्त झालेल्या स्वाराची चूक बहुधा इथेच होते.