सिस्टीम वापरकर्ता (लिनक्स)

सिस्टीम वापरकर्ता हे लिनक्स व इतर युनिक्ससदृश संगणक प्रणालींमधील एका प्रकारचे खाते आहे. ते व्यक्तीसाठी नसून एखादा सर्व्हर किंवा पार्श्वभूमीत चालणारी सेवा चालवण्यासाठी असते. डेबियन प्रणालीत वेब सर्व्हरसाठी वापरले जाणारे 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' हे खाते त्याचे परिचित उदाहरण होय.

आवश्यकता

लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेस कोणत्या ना कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालते व त्याचेच अधिकार तिला मिळतात. 'रूट' या प्रशासक खात्याला जवळजवळ सर्व अधिकार असतात. रूटच्या नावाने चालणाऱ्या सर्व्हरमधील दोषाचा फायदा हल्लेखोराने घेतल्यास संपूर्ण संगणक त्याच्या ताब्यात जाऊ शकतो. तोच सर्व्हर स्वतंत्र खात्यावर चालत असल्यास हानी सहसा त्या खात्याच्या आवाक्यातील फाइलींपुरती मर्यादित राहते. जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर यांच्या १९७५ मधील शोधनिबंधात किमान अधिकाराचे हे तत्त्व मांडलेले आहे. पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर तर रूटच्या नावाने सुरूच होत नाही.

अनेक सेवांसाठी एकच खाते वापरल्यास एका सेवेतील दोषामुळे इतर सेवांच्या फाइलीही धोक्यात येतात. म्हणून प्रत्येक सेवेला वेगळे खाते देणे इष्ट मानले जाते.

स्वरूप

प्रत्येक खात्याला एक ओळख क्रमांक असतो. रूटचा क्रमांक ० असतो. डेबियनमध्ये व्यक्तींच्या खात्यांचे क्रमांक सामान्यतः १००० पासून सुरू होतात, तर सिस्टीम खात्यांना त्याखालील क्रमांक मिळतात. अशा खात्याला बहुधा पासवर्ड नसतो आणि लॉगिन शेलच्या जागी 'नोलॉगिन' हा प्रोग्रॅम नेमलेला असल्याने त्यावरून कोणालाही लॉगिन करता येत नाही.

पोर्टचा वापर

१०२४ पेक्षा कमी क्रमांकाचे पोर्ट उघडण्यासाठी लिनक्समध्ये मूलतः विशेष अधिकार लागतो. वेब सर्व्हरचे ८० व ४४३ हे पोर्ट त्यांतच मोडतात. त्यामुळे अपाचे सर्व्हरची मुख्य प्रोसेस रूटच्या नावाने सुरू होऊन पोर्ट उघडते; प्रत्यक्ष विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस मात्र मर्यादित अधिकारांच्या खात्यावर चालतात.

मर्यादा

केवळ वेगळे खाते निर्माण केल्याने सुरक्षितता मिळत नाही. सर्व्हरचा प्रोग्रॅम व त्याच्या मांडणीच्या फाइली त्याच खात्याच्या मालकीच्या असल्यास हल्लेखोर त्या बदलू शकतो. म्हणून त्यांची मालकी रूटकडे ठेवून सर्व्हरला फक्त वाचण्याची परवानगी दिली जाते. कर्नलमध्येच दोष असल्यास हे संरक्षणही अपुरे ठरू शकते.