पेल्यात पाणी का चढते?



विज्ञानाचा प्रयोग म्हटले की प्रयोगशाळा, काचेच्या नळ्या आणि रसायनांच्या बाटल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु घरातले एक ताट, एक काचेचा पेला आणि एक मेणबत्ती एवढ्या साहित्यावरही पुष्कळ विज्ञान शिकता येते. हा प्रयोग तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याचे उत्तरही अनेकांना पाठ असते. ते पाठ असलेले उत्तर खरे आहे का, एवढेच आज आपण तपासणार आहोत.

साहित्य : खोलगट ताट, उंच काचेचा पेला, तीन लहान मेणबत्त्या, पाणी, शाईचे दोन-चार थेंब, काडेपेटी. (मोठ्या माणसांना सोबत घेऊनच प्रयोग करावा.)

कृती : मेणबत्ती ताटात मध्यभागी मेणानेच घट्ट चिकटवा. ताटात बोटाच्या पेराएवढे पाणी ओता व त्यात शाई मिसळा. मेणबत्ती पेटवा, थोडा वेळ नीट जळू द्या आणि पेला तिच्यावर पालथा घाला.

निरीक्षण : ज्योत लहान होत विझते. पेल्याच्या आतल्या बाजूला दव साचल्यासारखे दिसते. आणि बाहेरचे पाणी पेल्यात चढून बाहेरच्या पातळीपेक्षा वर उभे राहते.

नेहमीचे उत्तर

"मेणबत्तीने पेल्यातला प्राणवायू वापरला. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के, म्हणजे एक पंचमांश असतो. तेवढी जागा रिकामी झाली, म्हणून तेवढे पाणी वर चढले." हे उत्तर अनेक पुस्तकांतून आणि गाईडांतून आढळते. ऐकायला ते सरळ वाटते आणि कधीकधी पाणी खरोखरच एक पंचमांशाच्या आसपास चढते. मग शंका घेण्याचे कारण काय?

उत्तराची परीक्षा

पहिली गोष्ट, वेळेकडे लक्ष द्या. प्राणवायू संपत जाऊन पाणी चढत असेल, तर ज्योत जळत असतानाच ते हळूहळू चढायला हवे. प्रत्यक्षात ज्योत मंदावते आणि विझते, तेव्हा ते भराभर चढते. जळण थांबल्यावर प्राणवायू कोण वापरणार?

दुसरी गोष्ट, आता एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. पेला तोच, त्यातला प्राणवायूही तेवढाच. तरी पाणी आधीपेक्षा जास्त चढते.

तिसरी गोष्ट, पेला पालथा घालताना त्याच्या कडेकडे नीट पाहा. सुरुवातीला बहुधा बुडबुडे बाहेर येताना दिसतील. म्हणजे हवा बाहेर चालली आहे!

चौथी परीक्षा तर मेणबत्तीशिवायच करता येते. स्टीलचा पेला गरम पाण्याने चांगला तापवा, पाणी ओतून टाका आणि लगेच ताटातल्या गार पाण्यात पालथा घाला. काही वेळाने पाणी आत शिरलेले आढळेल. येथे काहीच जळालेले नाही.

मग खरे कारण कोणते?

तापली की हवा प्रसरण पावते, निवली की आकुंचन पावते. ज्योतीमुळे पेल्यातली हवा तापून फुगते व तिचा काही भाग कडेने बाहेर पडतो. ज्योत विझल्यावर उरलेली हवा निवते, आकसते आणि आतला दाब कमी होतो. जळताना तयार झालेली पाण्याची वाफ थंड काचेवर थेंबांच्या रूपाने बसते, त्यामुळेही दाब थोडा उतरतो.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा. पेल्यात कोंडलेली हवा १०० अंश सेल्सिअसची आहे आणि ती २७ अंशांपर्यंत निवली असे धरा. केल्व्हिनमध्ये हे ३७३ वरून ३०० होते. दाब तोच राहिला, तर आकारमान जवळजवळ एक पंचमांशाने कमी होते. म्हणजे प्राणवायूचा आकडा आणि हा आकडा केवळ योगायोगाने जवळ आले आहेत.

प्राणवायूचे काय होते? तो वापरला जातो हे खरे, पण सगळा नाही. हवेतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून सुमारे १६ टक्क्यांवर आला की मेणबत्ती विझते. शिवाय वापरलेल्या प्राणवायूच्या जागी कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पाच भाग प्राणवायू गेला, तर तीनहून थोडे अधिक भाग कार्बन डायऑक्साइड येतो. म्हणून या कारणाने पाणी चढते ते अगदी थोडे, शंभरात दोन भागांच्या आसपास.

पाणी वर कोण ढकलते?

पेला पाणी ओढून घेतो असे आपण म्हणतो, पण खरे काम बाहेरची हवा करते. समुद्रसपाटीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो वजनाइतका हवेचा दाब असतो. आपले बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचावर असल्याने येथे तो थोडा कमी, तरीही ९०० ग्रॅमपेक्षा अधिक आहे. आतला दाब उतरला की हा बाहेरचा दाब ताटातल्या पाण्याला आत लोटतो. शहाळ्यातले पाणी स्ट्रॉने वर येते तेही असेच. गरम भाजी डब्यात भरली की निवल्यावर झाकण निघता निघत नाही, हा आयांचा रोजचा अनुभव. पूर्वी दुखऱ्या जागी तुंबडी लावत, तिच्यात चामडी वर फुगून येई, त्याचेही कारण हेच.

एक पंचमांश दाखवायचाच असेल तर

त्यासाठी गंजण्याचा प्रयोग घ्यावा. उद्यमबागेतील एखाद्या वर्कशॉपमधून लोखंडाचा बारीक कीस आणा. साबणाने धुऊन त्याचे तेल काढा. पेला आतून ओला करून त्याला हा कीस चिकटवा व पाण्यात पालथा ठेवा. गंजताना लोखंड प्राणवायू घेते आणि त्याबदल्यात दुसरा वायू सोडत नाही. काही दिवसांत पाणी सुमारे एक पंचमांश उंचीपर्यंत चढते आणि तेथेच थांबते.

जिवाशी संबंधित गोष्ट

आपल्या भागात विहिरीचा गाळ काढण्यापूर्वी आत कंदील सोडून पाहण्याची रीत आहे. कंदील विझला तर कोणी उतरत नाही, हे योग्यच. पण तो जळत राहिला म्हणजे आत सगळे ठीक आहे, असे मात्र नव्हे. कार्बन मोनॉक्साइडसारखा विषारी वायू ज्योत विझवत नाही, पण माणसाचा प्राण घेतो. गटार किंवा शौचालयाच्या टाकीत तर ज्वालाग्राही वायू असू शकतो, तेथे ज्योत नेलीच तर स्फोट होईल. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणेही याच कारणाने घातक आहे. अर्धवट समजलेले विज्ञान कधीकधी असे महाग पडते.

पालकांना विनंती

मेणबत्तीवर मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१ च्या हिवाळ्यात लंडनमध्ये मुलांसाठी सहा व्याख्याने दिली होती. आपल्या देशात मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने १९७२ पासून खेड्यातील शाळांत आधी प्रयोग, मग उत्तर ही पद्धत रुजवली. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले असल्याने त्यांच्या 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांविषयी मला विशेष आपुलकी आहे. त्याच कार्यक्रमात काम केलेले अरविंद गुप्ता पुढे पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून मुलांना विज्ञान शिकवत. त्या शोधिकेच्या इमारतीचे 'पुलस्त्य' हे नाव पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ आहे, आणि पु. ल. हे आपल्या बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवून गेलेले प्राध्यापक होते.

तेव्हा मुलाने "पुस्तकातले उत्तर जुळत नाही" असे म्हटले, तर त्याला गप्प बसवू नका. त्याच्याबरोबर ताट, पेला आणि मेणबत्ती घेऊन बसा. विद्यार्थ्यांनी एक, दोन व तीन मेणबत्त्या लावून प्रत्येक वेळी पाणी किती चढले ते पट्टीने मोजावे आणि वहीत तक्ता करावा. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी हे तक्ते शाळेत मांडू. सर्वांचे आकडे सारखे येणार नाहीत. ते का आले नाहीत, यावरच त्या दिवशी चर्चा करू.