खडखड नेमकी कुठून येते? जुन्या गाडीवर पैसे घालण्याआधी एवढं तपासा

धंद्यासाठी जुनी गाडी घेणाऱ्यांचा मला हमखास येणारा प्रश्न असा: "सर, इंजिन मस्त आहे, टायर बरे आहेत, पण खड्ड्यात गेली की खालून आवाज येतो. किती खर्च येईल?"

याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. तीच खडखड दीडशे रुपयांच्या रबराची असू शकते आणि दहा हजारांच्या कामाचीही. मी स्वतः यात पैसे घालवलेत, म्हणून आधी तेच सांगतो.

पिंपळीत माझं पॅकेजिंग मटेरियलचं दुकान आहे. ऑर्डर घ्यायला आणि सॅम्पल दाखवायला बारामती एमआयडीसी, भवानीनगर, इंदापूर असं फिरावं लागतं, म्हणून 2010 ची डिझेल स्विफ्ट घेतली. दिवाळीच्या तोंडावर पुढून उजव्या बाजूने टकटक सुरू झाली. एका गॅरेजला नेली. त्यांनी गाडी चालवून पाहिली नाही, बोनेट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "शॉकअप गेलेत, दोन्ही टाका." बिल झालं 9,400 रुपये. पैसे देऊन बाहेर पडलो आणि पहिल्याच खड्ड्यात तीच टकटक! ते पैसे मिठाईच्या बॉक्सच्या ॲडव्हान्ससाठी ठेवलेले होते. ऐन सीझनला माल कमी आला, तो फटका बिलापेक्षा मोठा होता.

मग एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. ते पान्हा न घेता माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "स्पीडब्रेकरवरून सरळ घ्या." घेतली, आवाज जवळपास नाही. "आता तिरकी घ्या, एक चाक आधी चढू द्या." लगेच टक-टक. खाली उतरून म्हणाले, "लिंक रॉड आहे." जोडी बदलली, मजुरीसकट 1,150 रुपये. आवाज बंद.

त्यांनी केलं त्यात जादू नव्हती. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये एक वाकवलेला लोखंडी दांडा असतो, स्टॅबिलायझर बार. वळणावर गाडी एका अंगाला झुकू नये म्हणून तो असतो आणि दोन्ही टोकांना छोट्या लिंक रॉडने सस्पेन्शनला जोडलेला असतो. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर दांडा आपल्या बुशमध्ये नुसता फिरतो, लिंकवर फारसा जोर येत नाही. एकच चाक वर गेलं की दांड्याला पीळ बसतो, सगळा जोर लिंकवर येतो आणि तिचा जॉइंट ढिला असेल तर तो वाजतो. म्हणून सरळ आणि तिरकं. पाच मिनिटांची तपासणी, खर्च शून्य.

आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो, ते आधी लिहून काढा. "खडखड येते" एवढं सांगितलं तर मिस्त्री अंदाज बांधणार आणि अंदाजाचे पैसे तुम्ही भरणार. शेजारी कोणाला तरी बसवा, काचा खाली करा, म्युझिक बंद. पालखी मार्गाच्या गुळगुळीत पट्ट्यावर काही ऐकू येणार नाही. कालव्याकडेचा कच्चा रस्ता किंवा उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेला एखादा फाटा निवडा आणि वीसच्या स्पीडने जा.

बारीक खड्ड्यांत, कमी स्पीडला टकटक: आधी लिंक रॉडवर संशय घ्या. ब्रेक दाबताना किंवा रिव्हर्समधून पुढे जाताना एकच जाड "ठक": बहुतेक वेळा लोअर आर्मचा बुश. गाडी उभी ठेवून स्टेअरिंग फिरवताना स्प्रिंग उडाल्यासारखा "टंग": स्ट्रटच्या वरचं माउंटिंग किंवा त्यातलं बेअरिंग. स्पीडब्रेकरवर रबर पिळल्यासारखी कुरकुर: बुश सुकलेत. यासाठी स्प्रेच्या बाटलीने एकेका बुशवर साधं पाणी मारा आणि गाडी हलवून बघा. ज्या बुशवर पाणी मारल्यावर आवाज थोडा वेळ बदलला, तोच बुश. तिथे इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस अजिबात चोपडू नका, त्याने रबर फुगतं आणि लवकर जातं.

काही आवाज सस्पेन्शनचे नसतातच. स्टेअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दिला की कट-कट-कट, तर तो ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. त्याचा रबरी बूट फाटून ग्रीस उडालेलं दिसेल. स्पीड वाढेल तशी वाढणारी घूंऽऽ ही बहुतेक व्हील बेअरिंगची, कधी कधी असमान झिजलेल्या टायरची. आणि खडखडाट चालू असताना पायाने ब्रेक अगदी हलका टेकवा. लगेच थांबला तर कॅलिपर किंवा ब्रेक पॅड ढिले आहेत, सस्पेन्शनला हात लावू नका.

आता हाताने तपासायचं. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड. गाडी जॅकवर उचलली की खाली स्टँड लावलाच पाहिजे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही, विटा रचून तर नाहीच. स्टँड नसेल तर हे काम गॅरेजमध्येच करून घ्या, तुम्ही शेजारी उभे राहा.

मारुती, ह्युंदाईच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची ही 1940 च्या दशकातली रचना, इंग्लंडमधल्या फोर्डच्या गाड्यांत 1950 पासून आली. शॉकअप, स्प्रिंग आणि चाकाचा वरचा आधार एकाच नळकांड्यात, खाली एक आर्म, आर्मच्या टोकाला बॉल जॉइंट. सुटे भाग कमी, म्हणून स्वस्त. त्यामुळे तपासायच्या जागाही मोजक्याच.

चाक हवेत लोंबकळत ठेवा. वर-खाली धरून, म्हणजे घड्याळाच्या बारा आणि सहावर, आत-बाहेर हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. नंतर तीन आणि नऊवर धरून हलवा. खेळ फक्त तिथेच असेल तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड.

लिंक रॉडला मात्र एक मेख आहे. एकच चाक उचललं तर दांड्याला पीळ बसून लिंक ताणली जाते आणि ढिला जॉइंटसुद्धा घट्ट वाटतो. दोन्ही चाकं जमिनीवर ठेवून किंवा दोन्ही एकदम उचलूनच लिंक हलवून बघा. अनेक ठिकाणी एक चाक उचलून "लिंक ओके" म्हणतात ते यामुळेच. खात्री होत नसेल तर दोन्ही लिंक सोडून बांधून ठेवायच्या आणि गल्लीत हळू एक चक्कर मारायची. आवाज गेला म्हणजे सापडला. अशी गाडी वळणावर जास्त झुकते, म्हणून हायवेला काढू नका.

शॉकअपबद्दल बोलायचं तर नळीवर थोडा ओलसर धुरळा चिकटलाय एवढ्यावरून ते गेले असं होत नाही. तेल ओघळत असेल, किंवा गाडी दाबून सोडल्यावर झोके घेतच राहत असेल, तर बदला, आणि तेव्हा डावा-उजवा जोडीनेच. माझे जुने शॉकअप कोरडे होते, हे मला नंतर कळलं. जुना पार्ट मागून घ्यायची सवय तेव्हा नव्हती.

खर्च कधी टाळायचा आणि कधी नाही, यात गल्लत नको. सुकलेला बुश कुरकुरतो, त्याला महिनाभर चालवलंत तर फार बिघडत नाही, दिवाळीचं कलेक्शन येऊ द्या. लिंक रॉडही कमाईच्या आठवड्यात थोडी थांबू शकते. पण बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंडला खेळ असेल तर गाडी तिथेच उभी करा. बॉल जॉइंट सुटला की चाक तिरकं होऊन बाहेर पडतं, टाय रॉड सुटला तर ते चाक तुमचं ऐकतच नाही. समोर उसाची डबल ट्रॉली असताना हे होऊ द्यायचं का? वर्किंग कॅपिटल कमी असेल तर उधार घ्या, पण हे काम करा. आणि या दोन पार्टमध्ये डुप्लिकेट घेऊ नका.

काम करून घेताना बिलापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट बघा. लोअर आर्मचे रबरी बुश बसवल्यावर त्यांचे बोल्ट शेवटचे घट्ट करायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, तिच्या वजनाखाली. बरेच जण चाक लोंबकळत असतानाच आवळून टाकतात. मग गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. "नवीन टाकला तरी आवाज परत आला" या तक्रारीमागे कित्येकदा पार्ट नसतो, हे असतं. मिस्त्रीला नम्रपणे आधीच सांगा: "दादा, शेवटचं टाइट गाडी खाली घेऊन करा." चांगला मिस्त्री रागावत नाही. लोअर आर्म, टाय रॉड किंवा स्ट्रट बदलला तर नंतर व्हील अलाइनमेंट करा, नाहीतर टायर एका कडेने झिजतात. नुसत्या लिंक रॉडला त्याची गरज नाही.

बीबीएला कॉस्टिंग शिकलो, पण तपासणीचे वेगळे पैसे द्यायला गॅरेजनेच शिकवलं. आता मी आधीच सांगतो: "तपासायचे तीनशे देतो, काम नाही निघालं तरी." माणूस गाडीत बसून बघतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग चालवून बघायचं. चार पार्ट एकदम बदलले आणि आवाज गेला, तर कशाने गेला ते कोणालाच कळत नाही. दुकानाच्या वहीत गाडीचं वेगळं पान आहे: तारीख, किलोमीटर, पार्ट, कुठून घेतला, वॉरंटी. गाडी विकताना हे पान गिऱ्हाइकाला दाखवणार आहे.

जुनी गाडी अजून घ्यायचीच असेल तर हेच सगळं सौदा व्हायच्या आधी करा. सरळ-तिरक्या स्पीडब्रेकरची चाचणी मालकाला शेजारी बसवून घ्या. आवाज त्याच्या कानावर पडला की भाव कमी करायला फार बोलावं लागत नाही.

हो, लिंक रॉडनंतर माझ्या गाडीत मागून आणखी एक खडखड राहिली होती. दोन दिवस मी मागच्या शॉकअपच्या बुशांवर संशय घेत होतो. शेवटी डिकी पूर्ण रिकामी केली, तर जॅक त्याच्या जागेवरून सुटून लोळत होता. जुन्या बनियनमध्ये गुंडाळून ठेवलाय, अजून तसाच आहे.