कायद्याच्या विद्येला दाता हवा

हैदराबादचा सुलतान बाजार म्हटले की साड्यांची दुकाने, बडी चावडीची वर्दळ आणि पलीकडे कोठीतली जुन्या पुस्तकांची दुकाने आठवतात. हैदराबादी मराठी माणसाला या भागाची आणखी एक ओळख आहे. ब्रिटिश रेसिडेन्सीच्या भोवती वाढलेली ही वस्ती पूर्वी रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखली जाई आणि तिथे रेसिडेंटचा अंमल चाले. 1933 मध्ये ती निजाम सरकारकडे परत आली आणि तिचे नाव सुलतान बाजार झाले. संस्थानात सभा-संमेलनांवर बंधने असताना रेसिडेंटच्या अंमलामुळे इथे थोडी मोकळीक मिळे. त्यामुळे शहरातल्या अनेक लोकोपयोगी संस्था याच परिसरात आणि त्याच्या आसपास रुजल्या. 1892 मध्ये आर्य समाज आला, 1901 मध्ये श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालय सुरू झाले, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जवळच जांबागेत मराठी मुलांसाठी विवेकवर्धिनी शाळा उभी राहिली.

विवेकवर्धिनीच्या उभारणीत वामनराव नाईक आणि केशवराव कोरटकर ही नावे ठळक आहेत. केशवराव वकील होते. गुलबर्ग्यात वकिली करून ते हैदराबादेत आले आणि पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. 1932 मध्ये ते गेले. त्यांच्या नावाने 1940 मध्ये नारायणगुड्यात केशव स्मारक विद्यालय सुरू झाले. त्यांचे चिरंजीव विनायकराव बॅरिस्टर होते, पुढे हैदराबाद राज्यात मंत्री आणि लोकसभेत खासदार झाले. केशव स्मारक संस्थेचे आज स्वतःचे विधी महाविद्यालयही आहे. वकिलाने शाळेला हात दिला, त्याच्या स्मृतीतून संस्था वाढली, आणि त्या संस्थेत आता वकील घडतात. दान कसे फळते हे पाहायला हैदराबादकराला दूर जावे लागत नाही.

त्या पिढीपुढे पहिली गरज शाळांची होती. उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिक्षण, कोर्टकचेऱ्यांतही उर्दू, अशा काळात मराठी मूल मराठीतून शिकावे म्हणून वकिलांनी आपल्या कमाईतला वाटा काढला. आज गरज बदलली आहे. डॉक्टर घडवण्यासाठी, इंजिनिअर घडवण्यासाठी देणगी देणारे मिळतात. मंदिराला तर मिळतातच. विद्यापीठाच्या विधी विभागाला मात्र क्वचितच कोणाची आठवण होते. वास्तविक कायद्याच्या शिक्षणाला दिलेल्या दानाचा आपल्याकडचा इतिहास मोठा आणि उज्ज्वल आहे. तो नीट पाहिला तर पुढे काय करावे हेही त्यातूनच कळते.

मुंबईकरांची वर्गणी

सर अर्स्किन पेरी हे मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश आणि बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी असावे असा त्यांचा आग्रह होता. नाना शंकरशेट मराठीच्या बाजूने त्यांच्याशी ठामपणे भांडले, आणि तो वाद मराठी शिक्षणाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. 1852 मध्ये पेरी पदावरून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या सन्मानार्थ मुंबईत निधी जमवण्यात आला. पुतळा किंवा तैलचित्र यांवर न थांबता त्या निधीतून न्यायशास्त्राचे प्राध्यापकपद निर्माण झाले. 1855 मध्ये त्या पदावरून शिकवणे सुरू झाले आणि आजचे मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय आपला आरंभ तिथूनच मोजते. मुंबई विद्यापीठ त्यानंतर दोन वर्षांनी आले. म्हणजे या शहरात विद्यापीठाच्याही आधी कायद्याचा वर्ग होता, आणि तो लोकांच्या वर्गणीवर उभा होता.

ऐंशी वर्षांनी, जून 1935 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि त्यांच्याकडे पेरी प्राध्यापकपदही आले. 1938 पर्यंत ते तिथे होते. निधीला पैसे देणाऱ्या शेट-सावकारांना, वकिलांना या पदावर पुढे कोण बसेल याची कल्पना असणे शक्य नव्हते. ज्या समाजाला शाळेच्या दारात उभे करत नव्हते, त्या समाजातला माणूस त्यांनी उभारलेल्या पदावरून न्यायशास्त्र शिकवेल आणि दशकभरानंतर देशाच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद सांभाळेल, असे 1852 मध्ये कोणी सांगितले असते तर कोणाला पटले नसते. उत्तम दानाचे हेच सामर्थ्य. दाता फक्त पद उभे करतो. त्या पदाला मोठे करणारा माणूस पुढचा काळ देतो.

बाबासाहेबांनी स्वतःही ही परंपरा पुढे नेली. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1950 मध्ये तेव्हाच्या हैदराबाद राज्यातल्या औरंगाबादला महाविद्यालय, आणि 1956 मध्ये मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय. उस्मानिया विद्यापीठाने 1953 च्या जानेवारीत त्यांना डी. लिट. दिली, तेव्हा हैदराबादेने एका थोर कायदेपंडिताबरोबरच एका संस्थापकाचाही सन्मान केला होता.

मृत्युपत्रातून आलेली व्याख्याने

मुंबईचे उदाहरण वर्गणीचे, तर कलकत्त्याचे मृत्युपत्राचे. प्रसन्नकुमार टागोर हे तिथले नामांकित वकील. 1868 मध्ये ते वारले. कायद्याच्या व्याख्यानांसाठी त्यांनी कलकत्ता विद्यापीठाला 3 लाख रुपयांची तरतूद करून ठेवली होती. त्यांच्या अटी आजही कोणत्याही दात्याने वाचाव्यात अशा आहेत. दर वर्षी कायद्याच्या एका विषयावर पूर्ण व्याख्यानमाला व्हावी, ती ऐकायला विद्यार्थी किंवा इतर कोणाकडून फी घेऊ नये, व्याख्याने सहा महिन्यांत छापावीत आणि किमान 500 प्रती फुकट वाटाव्यात. 1870 मध्ये पहिली माला झाली. गुरुदास बॅनर्जी यांचे हिंदू विवाह आणि स्त्रीधनावरचे, काशीप्रसाद जयस्वाल यांचे मनू आणि याज्ञवल्क्यावरचे, दिनशा मुल्ला यांचे दिवाळखोरीच्या कायद्यावरचे ग्रंथ याच व्याख्यानांतून आले. टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यात वेगळा निकाल देणारे राधाविनोद पाल हेही टागोर व्याख्याते होते. एका वकिलाच्या तरतुदीतून भारतीय कायद्याचे एक ग्रंथालयच तयार झाले.

या मृत्युपत्राची दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. प्रसन्नकुमारांचा मुलगा ज्ञानेंद्रमोहन ख्रिस्ती झाला म्हणून वडिलांनी त्याला वारसा नाकारला आणि इस्टेट पिढ्यान्पिढ्या ठरावीक पुरुष वारसांकडे जावी अशी गुंतागुंतीची व्यवस्था केली. ज्ञानेंद्रमोहन स्वतः बॅरिस्टर होता. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. मृत्युपत्र करणारा मरण पावला त्या वेळी जो जन्मलेलाच नाही त्याला अशा रीतीने मालमत्ता देता येत नाही, असा निकाल 1872 मध्ये लागला, आणि ठरावीक वारसांची ती साखळी तुटली. भारतातल्या कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा खटला शिकावा लागतो. अख्खी हयात कायद्यात घालवलेल्या माणसाने कुटुंबासाठी रचलेली तटबंदी टिकली नाही. विद्येसाठी मोकळ्या हाताने ठेवलेला पैसा टिकला. भविष्याला बांधून ठेवणारे दान आणि भविष्याला वाट देणारे दान यांतला फरक एकाच कागदावर इतका स्पष्ट क्वचित दिसतो.

पुणे, बेळगाव आणि सातासमुद्रापार

पुण्यात 1923 मध्ये इंडियन लॉ सोसायटी स्थापन झाली आणि 1924 मध्ये तिचे विधी महाविद्यालय सुरू झाले. पहिले प्राचार्य ज. र. घारपुरे, धर्मशास्त्राचे जाणकार. इथून प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर आणि यशवंत विष्णू चंद्रचूड हे दोन सरन्यायाधीश घडले. या महाविद्यालयामुळेच तो रस्ता लॉ कॉलेज रोड झाला, आणि त्याच रस्त्यावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात निजाम गेस्ट हाऊस आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी निजामाने दर साल हजार रुपये 11 वर्षे दिले, गेस्ट हाऊसलाही मदत केली. हैदराबादचा पैसा पुण्याच्या विद्येला लागला, याचा पुरावा तिथे दगडविटांत उभा आहे. बेळगावच्या विधी महाविद्यालयाला वंटमुरीचे राजा लखमगौडा सरदेसाई यांचे नाव आहे ते त्यांच्या औदार्यामुळे. देशाचे माजी सरन्यायाधीश ई. एस. वेंकटरामय्या त्या महाविद्यालयाचे विद्यार्थी.

इंग्लंडात चार्ल्स व्हायनर यांनी आपल्या कायदेविषयक ग्रंथाचे उत्पन्न आणि मालमत्ता ऑक्सफर्डला दिली. त्यातून 1758 मध्ये इंग्रजी कायद्याचे पहिले प्राध्यापकपद निर्माण झाले आणि त्यावर बसलेल्या ब्लॅकस्टोनने लिहिलेले भाष्य पुढे जगभर पोहोचले. अमेरिकेत आयझॅक रॉयल यांच्या मृत्युपत्रातल्या मालमत्तेतून हार्वर्डला कायद्याचे पहिले प्राध्यापकपद मिळाले. मात्र रॉयल कुटुंबाची संपत्ती कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या श्रमातून आलेली होती. त्या कुटुंबाच्या चिन्हावरून घेतलेली विधी विद्यालयाची मुद्रा हार्वर्डने 2016 मध्ये मागे घेतली. न्याय शिकवणाऱ्या घराने पैसा कुठून आला हे विचारलेच पाहिजे. घेणाऱ्याने हा प्रश्न विचारला तर चांगल्या दात्याचा मान वाढतोच.

देताना काय पाहावे

विधी विभागाला आज इमारतीपेक्षा जास्त गरज आहे ती चार गोष्टींची. मोफत कायदेशीर मदतीचे केंद्र नीट चालावे यासाठी दर वर्षीचा खर्च; आदिवासी, दलित, ग्रामीण आणि पहिल्यांदाच शिकणाऱ्या घरांतल्या मुलांना शिष्यवृत्ती; निकालपत्रांचे ऑनलाइन संग्रह आणि पुस्तके; आणि एखाद्या विषयाचे अभ्यासपद. हैदराबादसारख्या शहरात मराठी, तेलुगू, उर्दू अशा भाषांतून सामान्य माणसाला कायदा समजावणाऱ्या व्याख्यानमालेला निधी मिळाला तर त्याचा लाभ कोर्टाच्या पायरीवर गोंधळलेल्या प्रत्येकाला होईल.

मृत्युपत्रातून देणगी ठेवायची असेल तर काही गोष्टी सांभाळाव्यात. मृत्युपत्रावर स्वतःची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ज्याला देणगी द्यायची त्याच्याशी संबंधित माणूस साक्षीदार नसावा. नोंदणी सक्तीची नाही, पण करावी. वाद कमी होतात. मृत्युपत्र अमलात आणणारा व्यवस्थापक नेमावा. संस्थेचे अधिकृत नाव अचूक लिहावे. नुसते ‘लॉ कॉलेजला’ असे लिहिले तर दोन संस्था दारात उभ्या राहतात. मूळ रक्कम शाबूत ठेवून व्याजातून खर्च करायचा असेल तर तसे स्पष्ट लिहावे, आणि व्याजाचा काही भाग मुद्दलात मिळवावा असेही लिहावे. नुसत्या सुवर्णपदकासाठी ठेवलेले निधी महागाईत इतके आकसतात की पदकाला सोन्याचा मुलामाही परवडेनासा होतो. शेवटी, आपण ठेवलेला हेतू कालबाह्य झाला तर त्याच्या सर्वांत जवळच्या हेतूसाठी पैसे वापरावेत, हे एक वाक्य जरूर घालावे. ते नसेल तर बदलासाठी कोर्टात जावे लागते आणि त्यात वर्षे जातात.

मोठी इस्टेट नसली तरी अडत नाही. पेरी निधी एका माणसाचा नव्हता. मराठवाड्यातून, कर्नाटकातून हैदराबादेत येऊन नावारूपाला आलेल्या वकिलांची, न्यायाधीशांची, सरकारी नोकरांची घरे आज शहरभर आहेत. त्यांची मुले पुण्यात, बंगळुरात, अमेरिकेत आहेत. अशा वीस-पंचवीस घरांनी वडिलांच्या, आजीच्या नावाने थोडी थोडी रक्कम एकत्र केली तरी एका गरीब मुलीची कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची फी दर वर्षी भागेल. तिची निवड गुणांवर आणि गरजेवर व्हावी, जात-भाषा-नात्यावर नाही, एवढी एकच अट पुरे. ती मुलगी आपल्या ओळखीची नसेल, आपली भाषाही बोलत नसेल. तरीही ती उद्या ज्यांची वकील होईल त्या माणसांना न्याय मिळेल, आणि न्याय जेव्हा मिळतो तेव्हा तो कुणा एकाच्या समाजापुरता राहत नाही. शाळा उभारणाऱ्या पिढीने आपल्यावर टाकलेले हे ऋण आहे. ते फेडायची वेळ आपली आहे, आणि सुरुवात करायला पुढची दिवाळी कशाला हवी?